चौथ्या मजल्यावरची कृपा

चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. जिने चढून धापा टाकत माणूस आला, की श्वासगुरू उभ्याउभ्याच त्याच्या लोंबत्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधत. मशीनवर आकडा उमटे: एकशे सत्तर! मग दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं, हात खांद्याएवढ्या उंच उशीवर. पुन्हा पट्टा. एकशे चाळीस! टाळ्यांचा कडकडाट.

"गोळी म्हणजे कुबडी! फेका ती!" गुरू गर्जत, आणि माणसं मुकाट्याने दारातल्या बादलीत औषधं टाकत.

लिफ्टवाल्याचीही गोळी त्यात गेली होती. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल, दोन्हींवर मिळून एकच गोळी. टाकली बायकोने. "पुन्हा घेतलीत तर कृपा उलटेल, माझी शपथ आहे," तिने बजावलं होतं. नऊ दिवस झाले. दुखतखुपत काहीच नव्हतं, आणि त्याचीच त्याला धास्ती होती. त्याचा भाऊ असाच धडधाकट दिसता दिसता बसल्या खुर्चीत गेला होता. त्यात इमारतीचा मालक गुरूंचा भक्त. लोक येताना लिफ्टवर 'बंद'ची पाटी लावायची, जाताना काढायची, असा त्याचा हुकूम. घरी बोलावं तर रडारड, इथे बोलावं तर नोकरी जाणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

त्या दिवशी विज्ञानाच्या निवृत्त बाई आल्या आणि गुडघे धरून पहिल्याच पायरीवर बसल्या. त्याला राहवेना. पाटी काढून त्याने त्यांना वर नेलं, खुर्ची दिली. नंबर येईतो बाई निवांत बसल्या.

पट्टा बांधला तेव्हा बाई खुर्चीतच होत्या, हात छातीच्या उंचीवर टेकलेला. पहिलाच आकडा एकशे बावीस. गुरूंचा चेहरा पडला. "या कशा आल्या?"

"लिफ्टने," लिफ्टवाला बोलून गेला.

"अस्सं!" बाई म्हणाल्या. "म्हणून बाकीच्यांना जिना होय? थांबा." त्यांनी हात खाली सोडून मोजलं: एकशे बत्तीस. उशीवर ठेवून मोजलं: एकशे दहा. "ना ध्यान, ना मंत्र! हात छातीच्या खाली गेला की आकडा चढतो, वर नेला की उतरतो. जिना चढल्यावर तर कुणाचाही चढतो."

गर्दीत बसलेली लिफ्टवाल्याची बायको उठली. "आणि यांचं कोलेस्टेरॉल? तेही उतरलं म्हणाला होतात!"

"ते आम्हाला अंतर्दृष्टीने दिसतं."

"रक्त न तपासता?" बाईंनी विचारलं. गुरूंना अचानक खोकल्याची उबळ आली.

बायकोने नवऱ्याचा दंड धरला तो थेट दवाखान्यातच सोडला. डॉक्टरांनी त्याला पाच मिनिटं शांत बसवलं, हात टेबलावर ठेवला. एकशे ब्याऐंशी. तिला हुंदका आवरेना. "माझ्या हातांनी मी यांना मारत होते!"

"वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले. "आजपासून रोजची एकच गोळी. बुडाल्या म्हणून दोन-दोन नाही. गोळीने पाय सुजले, अंग दुखायला लागलं, तर मला सांगा. परस्पर बंद करू नका."

संध्याकाळी मालकाने लिफ्टवाल्याला कामावरून काढलं. तो घरी आला, जेवला, गोळी घेतली आणि कित्येक दिवसांनी गाढ झोपला.

लोकहो, रक्तदाब दार वाजवून येत नाही. बरं वाटतंय, हा पुरावा नव्हे. कुणी चमत्काराचा आकडा दाखवला, तर आधी विचारा: तो मोजला कसा?