रेकाची तुटलेली बरगडी

रेका हंगेरीची. एकटीने वल्हवायच्या होडीच्या शर्यतीत तिचं ऑलिंपिक दोनदा हुकलं होतं; दुसऱ्यांदा तर सेकंदाच्या तीन दशांशांनी. आता ती एकतीस वर्षांची होती. इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या एका क्लबात ती वल्हवायला शिकवायची आणि उरलेल्या वेळात थेम्सवर स्वतःचा सराव करायची. शेवटची पात्रता शर्यत एकोणीस दिवसांवर आली होती.

"कुशीवर वळताना दुखतं?" वरदाने विचारलं. ती क्लबची फिजिओ, मूळची नागपूरची.

"थोडं."

वरदाने बरगडीवर बोट ठेवलं मात्र, रेकाचा श्वासच अडकला. स्कॅनमध्ये बारीक तडा दिसला. म्हणजे सहा आठवडे होडी बंद.

"बुडापेस्टला, संघटनेला कळवू नकोस," रेका म्हणाली. "माझ्या जागी दुसरीला पाठवतील."

"खोटा रिपोर्ट मी देणार नाही."

"खोटा नको. फक्त सोमवारपर्यंत थांब. वरदा, मला दुसरं काही येत नाही गं."

वरदाला नाही म्हणवेना.

शनिवारी सकाळी छातीला घट्ट पट्ट्या बांधून रेका नदीत उतरली. दोन हजार मीटर, पूर्ण ताकदीने. जमलं तर शर्यतीला जायचं, असं तिने ठरवलं होतं. वरदा काठाने सायकलवर निघाली. हजार मीटरची वेळ इतकी चांगली होती की तिलाही वाटलं, जमतंय हिला. तेवढ्यात उजवं वल्हं पाण्यात रुतलं, होडी आडवी झाली आणि उलटली.

वरदा कपड्यांसकट कमरेइतक्या पाण्यात शिरली. रेका होडीला धरून होती. दुखण्यापायी खोकलासुद्धा दाबून ठेवत होती. बरगडी पुरती मोडली होती.

हॉस्पिटलमधून रेकाने स्वतःच बुडापेस्टला फोन लावला. हंगेरियनमध्ये चार वाक्यं बोलून ठेवून दिला.

"काय म्हणाले?"

"लवकर बरी हो म्हणाले. दुसरी मुलगी तयारच होती."

वरदा खाली बघत म्हणाली, "मी परवाच कळवायला हवं होतं."

"मग मी तुला जन्मभर माफ केलं नसतं. आता दोष द्यायलाही कोणी नाही."

आणि तिला रडू फुटलं. पहिल्याच हुंदक्याला ती कळवळली. वरदाने उशी काढून तिच्या हातात दिली.

"ही छातीशी घट्ट धर," ती म्हणाली. "मग रड."