खुनी आमच्या बाळाच्या पोटात

आमच्या बाळानं खुनी गिळला तेव्हा मी खोलीतच होते. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर ज्यानं त्यानं मला तेच विचारलं : तू कुठे होतीस? मी तिथेच होते. दोन हातांच्या अंतरावर. मुलगी रांगायला लागल्यापासून मी घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्याला स्पंज चिकटवलाय. खाली पडलेली टाचणी मला दारातून दिसते. आणि नेमकी त्या दुपारी मी एका वाचकाला पत्राचं उत्तर लिहीत होते, की आमच्याकडे जुना कागद किती काळजीपूर्वक हाताळला जातो.

हा वाचक स्वतःचं नाव कधी लिहीत नाही. पत्राखाली फक्त 'नियमित वाचक' असतं. दर सोमवारी त्याचं पत्र येतं, पत्रात आमची एक तरी चूक असते, आणि तीन वर्षांत त्यानं आम्हांला एक छदाम दिलेला नाही.

'आम्ही' म्हणजे आमचा जुन्या साहित्याचा संग्रह. माझे सासरे, बाबा, चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम वगैरे करतात. बाबांनी बंद पडलेल्या मासिकांतल्या, हक्क संपलेल्या कथा-कविता गोळा करून इंटरनेटवर फुकट ठेवायला सुरुवात केली. नणंदेनं संकेतस्थळ बांधून दिलं. ती दुसऱ्या गावी नोकरी करते आणि तिथूनच ते चालवते, म्हणजे फोनवरून आम्हांला ओरडते. मजकूर टंकायचं काम माझं. नवरा सकाळी कामावर जाताना "आज कोण मेलं?" एवढं विचारतो, तोच त्याचा हातभार.

विचारायचा त्याचं कारण असं, की सहा महिने आम्ही एक जुनी रहस्यकथा क्रमशः देत होतो. चोवीस प्रकरणं, दर रविवारी एक. घड्याळांच्या दुकानाचा मालक दुकानातच मरून पडलेला. संशय चौघांवर : पुतण्या, कारागीर, विधवा बहीण आणि वरच्या मजल्यावरचे गायन शिकवणारे मास्तर. वाचक वेडे झाले होते. पैजा लागल्या होत्या. आमच्या बाळाचे डॉक्टरसुद्धा तपासता तपासता "कारागीर नसणार, तो फार उघड आहे," असं स्टेथोस्कोपला सांगायचे.

पण वेडं होणं वेगळं आणि पैसे देणं वेगळं. संग्रह ज्या सर्व्हरवर आहे त्याचं वर्षाचं भाडं महिनाअखेर भरायचं होतं. नाही भरलं तर कंपनी सगळं पुसून टाकणार होती. आम्ही ते वाचकांच्या देणग्यांतून भरतो. या वर्षी भाडं दुप्पट झालं आणि देणग्या निम्म्या. आवाहन बाबांनी लिहिलं : "ज्या वाचकांना शक्य असेल, सवड असेल आणि कोणत्याही प्रकारे गैरसोय होणार नसेल, त्यांनी, इच्छा झाल्यास, यथाशक्ती साहाय्याचा विचार करावा."

"बाबा, ही देणगी मागताय की माफी?" नणंद फोनवर म्हणाली.

"भीक मागायची नाही आपल्याला."

"भीक नको. पण निदान मागतोय हे तरी कळू दे!"

बाबा ऐकेनात. तिनं मग आवाहनाच्या चौकटीत परस्पर एक ओळ घातली : 'भाडं भरायला इतके दिवस उरले'. आकडा रोज एकानं कमी होणारा. ती ओळ शुद्ध होती, म्हणून बाबांच्या नजरेत भरली नाही. का, ते सांगते.

बाबा उलटं वाचतात. पानाच्या शेवटच्या शब्दापासून सुरुवात करून वर वर जातात. "माणूस गोष्टीत रमला की डोळा चुका गिळतो," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमची पद्धत ठरलेली : मूळ छापील पान आधी बाबा उलटं वाचणार, छापखान्याच्या जुन्या चुकांवर बारीक पेन्सिलीनं खुणा करणार, आणि मगच पानाचा फोटो काढायचा, म्हणजे खुणा फोटोत येतात. फोटोवरून मी टंकते. आधी फोटो आणि मग खुणा असं कुणी केलं असतं तर ही गोष्टच घडली नसती. पण नियम म्हणजे नियम.

तर त्या दुपारी चोविसाव्या प्रकरणाचं शेवटचं पान खुणा होऊन फोटोसाठी टेबलावर पडलं होतं. सुटं, पिवळं, जेमतेम अकरा ओळींचं. पंख्यानं ते उडवलं असणार. मी पत्रातला "काळजीपूर्वक" हा शब्द टंकला आणि मागे चप् चप् असा आवाज आला.

मी तिच्या तोंडात बोट घालून लगदा काढला. थोडा निघाला, थोडा गेला. बाईसाहेब समाधानानं दात दाखवत होत्या, चारच आहेत पण काम केलेले. हातात कागदाचा एक तुकडा उरला होता. त्यावर होतं : 'खुनी दुसरातिसरा कुणी नसून'. बस्स.

माझं धाबं दणाणलं. जुनी शाई, शिसं, बुरशी, सगळं डोळ्यांपुढे नाचलं. दहा मिनिटांत मी दवाखान्यात होते. डॉक्टरांनी घसा पाहिला, पोट चाचपलं, छाती ऐकली.

"काही झालेलं नाही. एवढासा कागद, उद्या-परवा येईल बाहेर. उलटी किंवा ताप आला तर फोन करा. कसला होता?"

"गोष्टीचा. म्हणजे... आपल्या घड्याळवाल्या गोष्टीचा. शेवटचं पान."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "दुसरी प्रत असेल ना?"

"नाही. ग्रंथालयांत तो अंक नाही. आम्हांलाही रद्दीत मिळाला होता."

"आता मात्र," ते म्हणाले, "मला काळजी वाटायला लागली."

घरी बाबा शांतपणे ऐकून घेत होते. माझ्या मनात आशा पालवली. "बाबा, तुम्ही सकाळीच ते पान वाचलंत ना! खुनी कोण होता?"

"त्या पानावर दोन चुका होत्या," बाबा म्हणाले. "एक वेलांटी, एक अनुस्वार."

"पण खुनी?"

"अगं, मी उलटं वाचतो. शब्द बघतो मी, माणसं नाही बघत."

"नाव तरी आठवत असेल!"

"चौघांचीही नावं होती पानावर. शुद्ध होती."

रविवार उजाडला. शेवटचं पान सोडून बाकीचं प्रकरण आम्ही चढवलं आणि खाली मी एक ओळ घातली : 'शेवटचं पान लवकरच.' तिच्याखाली, नेहमीप्रमाणे, आवाहनाची चौकट होती आणि तिच्यात नणंदेची ओळ : 'भाडं भरायला बारा दिवस उरले.'

या दोन ओळी एकीखाली एक कशा दिसतील, हे मला, इतकी शिकलेली असून, सुचलं नाही. वाचकांना दुपारपर्यंत सुचलं.

देणग्या धो धो यायला लागल्या. प्रत्येकीबरोबर चार शब्द. 'खंडणी पोचती केली आहे. खुनी सोडा.' 'लाज वाटते का? हे घ्या.' 'मास्तर असेल तर आणखी देईन.' 'नियमित वाचक' सोमवारची वाट न पाहता लिहिता झाला : 'साहित्याला ओलीस ठेवण्याचा हा प्रकार मी ओळखून आहे. एक छदाम मिळणार नाही.' त्याचं हे पत्र वाचून मला उगाच बरं वाटलं. एक तरी माणूस बदलला नव्हता.

"वहिनी," नणंद फोनवर खिदळत होती, "दोन दिवसांत भाडं जवळपास जमलं! त्या वाळवीला सांग, पुढच्या वर्षी आणखी एक पान खा म्हणावं." तेव्हापासून आमच्या मुलीचं नाव वाळवी पडलं ते पडलंच.

मला आवडलं नाही असं नाही. पण पत्रं आता बाबांच्या हातात होती. त्यांनी सगळी वाचली आणि चष्मा पुसला.

"हे पैसे आपले नाहीत," ते म्हणाले. "लोकांना वाटतंय पान आपल्याकडे आहे. खरं सांगायचं आणि मागेल त्याला पैसे परत करायचे."

"बाबा, भाडं भरू द्या. मग सांगू. दहाच तर दिवस."

"आणि तोवर खोटं बोलू?"

"संग्रह गेला तर पाच वर्षांचं काम जाईल! चोवीसच्या चोवीस प्रकरणं जातील."

"तेवीस," बाबा म्हणाले. "चोविसावं पुरं कुठे आहे आपल्याकडे?"

नणंदेनं फोनवरून वाद घालून पाहिला, पण बापलेकीत जास्त हट्टी कोण हे या घरात कधीच ठरलेलं आहे. बाबांनी सांगितलं तसं मी निवेदन लिहायला बसले. "लिही, चूक सर्वस्वी संपादकाची आहे. म्हणजे माझी. आधी फोटो काढायचा नाही हा नियम माझा."

"पान तर माझ्या नजरेसमोर गेलं."

"तू लिही मी सांगतो तसं."

"घ्या!" फोनमधून आवाज आला. "लोक चूक दुसऱ्यावर ढकलतात. आमच्याकडे ओढाताण चाललीये."

मी लिहिलं. पान बाळानं खाल्लं. बाळ ठीक आहे. दुसरी प्रत नाही. ज्यांनी पानासाठी पैसे दिले त्यांनी ते परत मागावेत, निःसंकोच. आणि शेवटी : 'चूक माझी, आईची. मी दोन हातांवर बसले होते.' हजारो अनोळखी माणसं आता म्हणणार होती, बाई लक्ष कुठे होतं? हा प्रश्न मी मुलगी झाल्यापासून स्वतःला रोज विचारते. लोकांनी विचारायची गरज नव्हती.

कागद बाबांकडे दिला. त्यांनी तो तपासला, अर्थातच खालून वर. "एक अनुस्वार राहिलाय. बाकी निर्दोष." आणि त्यांनी कोपऱ्यात सही केली. मी अनुस्वार दिला आणि निवेदन चढवून टाकलं.

पहिल्या तासात नऊ जणांनी पैसे परत मागितले. नणंदेनं तिथल्या तिथे केले. संध्याकाळपर्यंत एकवीस. जमलेली रक्कम तिसऱ्या हिश्शानं खाली आली. आता फोनवर ती खिदळत नव्हती, आणि बाबा खिडकीपाशी उभे राहून काहीच न बघता बाहेर बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका बाईंचं पत्र आलं. 'माझ्या मुलानं माझं नोकरीचं नेमणूकपत्र खाल्लं होतं. मी एका हातावर होते.' सोबत छोटी देणगी. मग दुसरं : 'आमच्या मुलीनं घराच्या खरेदीखताचा कोपरा. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.' कुणाच्या मुलानं परीक्षेचं प्रवेशपत्र, कुणाच्या नातवानं सासूबाईंच्या तरुणपणीचा एकुलता एक फोटो ('सासूबाईंना वाटतं मी मुद्दाम दिला'). डॉक्टरांनीही पैसे पाठवले आणि खाली लिहिलं, 'कागद बाहेर आला असल्यास वाचता येतो का?' नव्हता येत. हो, मी पाहिलं होतं.

पत्रं येत राहिली. रकमा लहान, मजकूर लांब. बाबांनी पत्रांबरोबर पुन्हा एकदा माझं निवेदनही वाचलं असावं, या वेळी वरून खाली, कारण ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"हे मी सांगितलेलं नव्हतं."

"तुम्ही सही केलीत."

"लबाड आहेस," एवढं म्हणून ते आत गेले आणि वाळवीला मांडीवर घेऊन बसले.

मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारी नणंदेचा फोन आला. "भरलं गं वहिनी! पावती आली." ती आणि मी दोघी एकदम बोलत होतो आणि कुणीच काही ऐकत नव्हतं.

आणि सोमवारी, ठरल्या वारी, 'नियमित वाचक'. पत्राला एक फोटो जोडलेला. पिवळं पान, अकरा ओळी. 'माझ्याकडे या मासिकाचे सर्व अंक बांधीव आहेत. खुनी मला तीस वर्षं ठाऊक आहे. तुमची प्रत मूळ मजकुराशी जुळते की नाही, एवढंच मी दर आठवड्याला पाहत असतो. या पानावर छपाईच्या तीन चुका आहेत. तुमच्या मुद्रितशोधकांना किती दिसल्या होत्या? हे पान म्हणजेच माझी देणगी. रोखीची अपेक्षा ठेवू नये.'

"तीन?" बाबा म्हणाले. चेहरा असा, की मला हसू दाबावं लागलं. त्यांनी पेन्सिल घेतली आणि डोळे पडद्याच्या तळाशी नेले.

"बाबा," मी म्हटलं, "एकदा सरळ वाचा ना. चुका कुठे जात नाहीत."

वाळवी माझ्या कडेवर, पडद्यापासून चांगली चार हात लांब. नणंद फोनवर. नवऱ्यानंही त्या दिवशी कामावर जायला उशीर केला. बाबांनी घसा साफ केला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागले. सहाव्या ओळीशी त्यांचा आवाज बारीक झाला. आठव्या ओळीवर ते थांबले.

"अरे," ते म्हणाले. "हा होय!"

"कोण? बाबा, कोण?" फोन किंचाळला.

बाबांना ऐकूच गेलं नाही. ते पुढे वाचत गेले, शेवटपर्यंत, आणि मग पुन्हा वर जाऊन एकदा. पेन्सिल हातातच राहिली. तिसरी चूक त्यांना सापडली नाही. मला दिसली होती, पण मी बोलले नाही.

खुनी कोण ते मी इथे लिहीत नाही. पान संग्रहात आहे, फुकट आहे. त्याच्याखाली एक चौकट दिसेल. ती खंडणी नाही. शक्य असेल, सवड असेल आणि इच्छा झाली तर.