टायर कोणाले विचारून घेतले?

सोसायटीच्या जीपचे चारही टायर झिजून गोटे झाले होते. या एका गोष्टीवर सगळ्यांचे एकमत होते. पुढे नुसते भांडण होते.

आंधळगावच्या अलीकडे एका लहानशा गावात ढिवरांची मच्छीमार सोसायटी होती. सन त्र्याऐंशीची गोष्ट. लिलावातून घेतलेली एक जुनी जीप सोसायटीच्या मालकीची होती. उन्हाळा लागून तलावाचे पाणी उतरले की जीप थेट तलावाच्या पोटात जायची, मासोळी भरायची, पाळीवर म्हणजे तलावाच्या बांधावर चढायची आणि मोहाडीवरून भंडाऱ्याच्या बाजाराला निघायची. चढताना ती गाळात रुतली की टोपल्या वाहणाऱ्या बायांनी मागून लोटायचे, अशी रीतच पडून गेली होती.

टायर ठरवायला सभा बसली. पुरुष खोलीत, बाया ओसरीवर. बायांची नावे सभासदांच्या रजिस्टरात होती, पण त्यांना आत बोलवावे असे कोणाच्या मनात कधी आले नव्हते.

अध्यक्ष श्यामलाल म्हणाला, "सडकेवरचे टायर घेऊ. बाजूले पांढरी रेघ असते ते. भंडाऱ्याच्या हाफिसात जातो आपण. साहेबासमोर गाडी शोभली पायजे."

ओसरीवरून आवाज आला, "शोभन, पण गाळातून निघन का?"

ती सखाबाई. श्यामलालची काकी, साठीला आलेली, अजून डोक्यावर मासोळीची टोपली नेणारी.

श्यामलालच्या कपाळाची शीर उठली. "काकी, तुले टायरातलं काय समजते? तू मासोळी विक!"

"टायर नसन समजत, गाळ समजते ना! लोटतेवेळी चाकामागं आमी उभ्या रायतो. मोठ्या खाचाचे टायर आणा, बापा. चिखल धरून चढतीन असे."

खोलीत हशा पिकला. ड्रायव्हर बाबुलालला काकीचे म्हणणे पटले होते, पण अध्यक्षाकडे पाहून त्याने मान खाली घातली.

"बायायनं सभेत तोंड घालाचं काम नाही!" श्यामलाल ओरडला, आणि ठराव झाला.

नवे टायर आले. डांबरी रस्त्यावर जीप कशी पळते म्हणून श्यामलाल चार दिवस मिशीला पीळ देत हिंडला. तलावात मात्र ती रोज रुतू लागली. तिसऱ्या आठवड्यात चढावर चाक जागच्या जागी फिरले, जीप मागे घसरली, आणि लोटणारी वच्छला तोल जाऊन पडली. तिचे मनगट मोडले.

श्यामलाल तेव्हा एवढेच बोलला, "नीट उभं राहाले नको का?"

हे वाक्य सगळ्या बायांनी ऐकले.

दुसऱ्या दिवशी जाळ्यात रोहू आणि कतला भरपूर लागला. जीप भरली, निघाली आणि चढावर रुतली. बायांनी टोपल्या खाली ठेवल्या आणि त्या पाळीवर जाऊन बसल्या. श्यामलालची बायको जमुनाबाईही त्यांच्यात होती.

"काहून बसल्या? ऊन चढून राहिलं, माल सडते ना!"

एकही उठली नाही.

"जमुना, तू उठते का नाही?"

"नाही उठत."

चारचौघांत बायकोने असे उत्तर द्यावे! श्यामलाल तोंडाला येईल ते बोलू लागला. त्याचे बोलून झाल्यावर सखाबाई उभी राहिली.

"झालं तुहं? आता माहं ऐक. गाडी सगळ्यायची हाये म्हणतं, मंग टायर तुह्या एकट्याच्या हौसेचे काहून? हाड मोडाले आमी, अन् ठराव कराले तुमी? ज्यानं टायर पसंत केले, त्यानंच गाडी लोटावी."

"लोटतो! तुमच्यावाचून अडलं नाही आमचं!"

धोतर खोचून श्यामलाल गाळात उतरला. चार पुरुष सोबत घेतले. बाबुलालने जीप रेटली तसा चाकांनी काळा चिखल श्यामलालच्या तोंडावर फेकला. नाकातोंडात गाळ गेला. पुन्हा खांदा लावला. जीप हातभर चढली, क्षणभर थांबली आणि एकदम मागे आली! बाकीचे बाजूला उडाले. श्यामलालचा पाय गाळात रुतलेला. तो निघेना. जीप अंगावर येत होती!

जमुनाबाई धावली. पाळीवरचा एक मोठा दगड तिने दोन्ही हातांनी चाकाखाली सारला. जीप थांबली. श्यामलालच्या छातीत आणि जीपच्या मागच्या फळीत वीतभरसुद्धा अंतर नव्हते.

कोणी हसले नाही. जमुनाबाईचा राग अजून उतरला नव्हता. "वच्छलाबी अशीच पडली होती. तिले काय म्हटलं होतं तुमी? म्हणा आता सगळ्यायसमोर!"

श्यामलाल गाळातून पाय उपसून पाळीवर चढला.

त्या दिवशी अर्धी मासोळी वाया गेली. संध्याकाळी श्यामलाल वच्छलाच्या घरी गेला. तिच्या हाताला प्लास्टर होते. तिने बस म्हटले नाही.

"तुमी तरी नीट उभे होते का, अध्यक्ष?" तिने विचारले.

"नीटच होतो," तो हळूच म्हणाला. "टायरच चुकीचे होते. चूक माही होती."

ती प्लास्टरचा हात सावरत चुलीकडे वळली. माफी मागितली म्हणून मनगट थोडेच जुळते!

पुढच्या सभेला बायाही खोलीत बसल्या. दोघे-तिघे पुरुष तणतणत उठून गेले. श्यामलालने त्यांना थांबवले नाही. पांढऱ्या रेघेचे टायर मोहाडीच्या एका टॅक्सीवाल्याला विकून टाकायचे ठरले, आणि नवे पाहायला श्यामलाल सखाबाईला घेऊन भंडाऱ्याला गेला.

दुकानदार श्यामलालशीच बोलू लागला. श्यामलाल म्हणाला, "मले नोका सांगू. यायले दाखवा."

सखाबाईने एकेका टायरच्या खाचेत बोटे घातली. ट्रॅक्टरसारख्या दातांचा टायर तिने बाजूला सारला. "यानं सडकेवर टोपल्या उडतीन." दुसऱ्याच्या खाचा अरुंद निघाल्या. "यात गाळ भरून बसन." तिसऱ्याच्या खाचा खोल होत्या, मधली जागा मोकळी होती आणि कडाही धारदार होत्या. "हा चिखल धरन अन् फेकनबी. सडकेलेबी चालन. हाच द्या." दुकानदाराने तोच टायर उतरवला. नेमका हाच टायर शेताच्या आणि सडकेच्या दोन्ही वाटांना चालतो, हे त्याला ठाऊक होते.

त्या टायरांवर जीप एकाही बाईचा हात न लागता पाळीवर चढली. श्यामलालने मोठ्या आशेने काकीकडे पाहिले. ती म्हणाली, "पुढच्या खेपेले हाड मोडाच्या आंधी विचारजो."

वाचकहो, गावची विहीर असो, शाळेची इमारत असो की घरातली चूल, ती कशी असावी हे ठरवणारे निराळे आणि तिच्यापायी राबणारे निराळे, असे आपल्याकडे सर्रास चालते. राबणाऱ्याला विचारणे म्हणजे त्याच्यावर उपकार नव्हेत. ज्याच्या अंगावर निर्णयाचा भार पडतो, निर्णयात पहिला शब्द त्याचा, आणि तो मागावा लागू नये!