बाटलीतलं हिमालयाचं तळं

"हे कोणाले खरं वाटणार नाही, म्हणूनच सांगून राहिलो," असं म्हणत धोंडबानं ओट्यावर पाण्यानं भरलेली काचेची बाटली ठेवली. तिच्या तळाशी करडा गाळ होता.

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा होता. इंदोऱ्यातल्या त्या ओट्याचा एक नियम होता: ज्याची थाप सगळ्यांदेखत पकडली जाईल, त्यानं पोळ्यापर्यंत येऊन बसायचं, ऐकायचं, पण ब्र काढायचा नाही. शालिकराम मागच्याच आठवड्यात वाघाच्या गोष्टीत सापडला होता आणि आता हातवारे करून तंबाखू मागत होता. धोंडबाला त्याच्याकडे बघवत नव्हतं. पोळ्यापर्यंत उपाशी राहा म्हटलं असतं तर तो एक वेळ राहिला असता.

धोंडबा भूगर्भवाल्या साहेबांचा आचारी होता, एवढं खरं. त्यांच्यामागं तो हिमालयात गेला, बर्फाच्या नदीखालच्या तळ्याकाठी त्यानं चूल मांडली, तेही खरं. बर्फाची नदी सरकता सरकता खालचा खडक जात्यासारखी दळते, तो सांगू लागला, आणि ते पीठ उतरून तळं दुधासारखं पांढरट होतं. त्या पाण्याचा त्यानं बिनदुधाचा चहा केला, तर म्हैस कुठं बांधली म्हणून साहेब तंबूमागं बघून आले.

मग पूर आला. वर बर्फाचा बांध फुटला आणि धोंडबाची शिध्याची पेटी तळ्यात गेली. तळ्यात शिरलं की पाण्याचा जोर मोडतो. गोटे तोंडाशीच पडतात, रेती जरा पुढं जाते, आणि पीठ मात्र आत आत जाऊन तसंच लटकून राहतं. पुढच्या साली साहेबांनी तळ्यात नळी ठोकून गाळ वर काढला, तर पुराचा थर वेगळा ओळखू आला, खाली जाड, वर बारीक. धोंडबाच्या म्हणण्याप्रमाणे खाली चणे, त्यावर तांदूळ, आणि सगळ्यात वर हळदीची पिवळी रेघ.

लोक हसले, पण कोणी उठलं नाही. शेजारच्या नळावर बायजाबाई पितळी डेगची घासत होती. तिचा लेक रुपराव खापरखेड्याच्या कोळशाच्या वीजघरात कामाला होता. तिचा हात थांबला.

"पण ते पीठ लवकर खाली काहून बसत नाही गा?"

धोंडबाला हेच पाहिजे होतं. "बारीक असते न वं बाई. जरा हललं की पुन्हा वर येते. हिवाळ्यात तळ्यावर बर्फाचं झाकण बसलं, पाणी निजलं, की मंगच तेही निजते. हे पाहा, त्याच तळ्याचा गाळ."

त्यानं बाटली खळखळून हलवली आणि हा पूर आला म्हणून समजा, असं सांगून ठेवून दिली. सगळे वाकले. रेती झरकन खाली गेली, तिच्यावर करडा ढग सावकाश उतरू लागला. शालिकराम तंबाखू विसरला. धोंडबाच्या जिवात जीव आला. तळ्याचा खरा गाळ भीमाबाईनं, म्हणजे त्याच्याच बायकोनं, चुलीला पोतारून टाकला होता, आणि या बाटलीत काय भरलं ते त्यानं तिलाही सांगितलं नव्हतं.

बायजाबाई डेगची तशीच टाकून ओट्यापाशी आली. बाकीचे बाटलीच्या तळाकडे बघत होते, ती गळ्याकडे बघत होती. तिथं पाण्यावर करडी साय धरली होती आणि काही केल्या खाली येत नव्हती.

"दगडाचं पीठ म्हणलं न तू? मंग हे वर काय तरंगून राहिलं?"

बर्फाचा फेस आहे, धोंडबा म्हणाला, हिमालयातून इथवर येतो कधी कधी.

बायजाबाईनं आपला बरबटलेला हात बादलीत बुडवला. पाण्यावर तशीच करडी साय पसरली. शालिकराम जरा सरकला आणि आपल्या शेजारची जागा हातानं झाडू लागला.

"फेस नाही गा धोंडबा," बायजाबाई म्हणाली, "हे तर मी रोज भांड्याले लावतो. खापरखेड्याची राख होय ही."