अब्बांच्या लॅपटॉपमधलं घर

अब्बांचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी त्यांचा लॅपटॉप घेऊन महाडला सुनीलच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले. पिशवीत ग्राफिक्स कार्डाचा नवा खोका होता. ईदेला अब्बांना द्यायचं म्हणून मुंबईत घेतलं होतं. ईदेच्या अठरा दिवस आधी ते गेले.

अब्बा कुवेतला बावीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. कायमचे परतताना त्यांनी मला फोनवर विचारलं होतं, घराचा आराखडा करायला कुठला लॅपटॉप घेऊ? मी म्हटलं, साधाच घ्या, चित्रं दाखवणारं कार्ड मागाहून बदलता येतं. आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये एक माणूस दहा मिनिटांत कार्ड बदलून गेला होता, तेवढंच माझं ज्ञान. पोलादपूरच्या जमिनीवर बांधायचं आमचं घर मग त्यांनी तीन वर्षं नुसत्या रेघांत काढलं. लॅपटॉपला भिंती भरून दाखव म्हटलं की तो बंद पडायचा. मला ते घर भरलेलं बघायचं होतं.

सुनीलनं खोका उघडला आणि तो हसला. "ताई, हे टेबलावरच्या मशीनचं कार्ड हाय. बैलगाडीचं चाक सायकलला लावायला आणलंत."

"मग लॅपटॉपचं आणते."

त्यानं लॅपटॉप उलटा करून स्क्रू काढले आणि नखाएवढा काळा चौकोन दाखवला. "ग्राफिक्सचं सगळं हे. बोर्डालाच सोल्डर केलेलं. काय काय लॅपटॉपात बदलता येतं, ह्याच्यात नाय." मग स्क्रू परत बसवत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "चाचांना म्हायती होतं."

"कोणी सांगितलं?"

"मीच. दोन वर्षं झाली."

दोन वर्षं दर शुक्रवारी मी फोनवर विचारत होते, अब्बा, कार्ड आणू का? आणि ते म्हणत होते, घाई नाही, पुढच्या वेळी आण.

"मी म्हटलं, नौशीनताईंना कळवा, त्या उगाच शोधत बसतील," सुनील म्हणाला. "तर म्हणाले, नको रे. कार्डाचं विचारायला का होईना, फोन करते."

मी खोक्याचं झाकण लावत राहिले. ते नीट लागत नव्हतं.

"फाईल माझ्या मशीनवर उघडू?" त्यानं विचारलं. "तुमचं कार्ड त्यात बसंल."

बसलं. घर उभं राहिलं. ओटा, माडी, मागची पडवी. पूर्वेच्या खिडकीतून ऊन जमिनीवर बरोबर पडलं होतं. पण भिंती, दारं, कौलं, सगळं एकाच राखाडी रंगाचं होतं.

"रंग दिलेलेच नायत," सुनील म्हणाला. "दिसणार नव्हते ना. मी देऊ? दोन मिनिटांचं काम."

"नको."

मी बराच वेळ ते ऊन बघत बसले. कार्ड त्याच्याच मशीनमध्ये राहू दिलं.

घरी अम्मी ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "बसलं काय गो कार्ड? किती वाट बघितली त्यांनी."

"बसलं," मी म्हटलं, आणि लॅपटॉप कपाटात ठेवायला आत गेले.