पाइपात बसलेली वाम

मित्रांनो, मी एक जुना पाइपाचा तुकडा आहे. लांबीने हातभर, रंगाने एके काळी पांढरा. मला दोन तोंडं आहेत, पण बोलता एकानेही येत नाही. आज तेवढं माझं ऐकून घ्या.

गडचिरोलीत गुणवंतरावांच्या घरी विहिरीवरून गच्चीवरच्या टाकीत पाणी जायचं. त्या लाइनीत मी अकरा वर्षं होतो. "हा कधी गळला नाही," असं गुणवंतराव चारचौघांत सांगत, तेव्हा मला बरं वाटे. पण पाइपाचा जन्मच असा की जे येतं ते पुढे जातं, थांबत कोणी नाही. मग लाइन बदलली आणि प्लंबरने मला कापून न्हाणीमागे फेकलं. तिथे मी काही वर्षं पडून होतो. एक पाल यायची, तीही पलीकडून निघून जायची.

पुढे वरच्या खोलीत हर्षा भाड्याने राहायला आली. ती दवाखान्यात रक्त तपासते. घरात दुसरं माणूस नाही. रत्नागिरीला शिकत असताना तिने समुद्र पाहिला होता. तेव्हापासून घरात खाऱ्या पाण्याची काचेची पेटी ठेवायची आणि त्यात समुद्रातली एक लहानशी वाम, सापासारखी लांब मासोळी, पाळायची, असं तिच्या मनात होतं. तिचे बाबा हरिदास यांनी सिरोंच्याला गोदावरीत मासे धरण्यात जन्म काढलेला. वाम धरायला ते पोकळ वेळू पाण्यात सोडत, कारण भोक दिसलं की ती आत शिरून बसते. हे हर्षाला लहानपणापासून माहीत होतं. म्हणून तिने मला शोधून काढलं, घासून धुतलं आणि पिशवीत घालून थेट नागपूरच्या दुकानात नेलं.

दुकानदार हसला. "ताई, लोकं आधी मासोळी घेते, मंग तिचं घर पाह्यते. तुम्ही तं घर घेऊनच आल्या."

पहिली वाम इतकी जाडजूड की तिचं डोकंच माझ्यात मावेना. ती अजून वाढेल आणि पेटीत मावणार नाही, असं दुकानदारही म्हणाला. दुसरी एका तोंडाने शिरली आणि दुसऱ्याने निघून गेली. तिसरी लहान होती, अंगावर तपकिरी ठिपके. ती आत आली, वळली आणि तोंड बाहेर काढून बसली. हर्षा अर्धा तास तिच्याकडे बघत उभी होती. चिमट्याने दिलेला झिंगाही तिने खाल्ला. हर्षाने तीच घेतली. मित्रांनो, माझ्यात थांबलेली ती पहिलीच.

उन्हाळ्यात हरिदासबाबा डोळ्याच्या ऑपरेशनला आले. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू. हर्षा दिवसभर ड्यूटीवर आणि बाबा दिवसभर पेटीसमोर. घरात बोलायला दुसरं होतं तरी कोण? एकदा त्यांनी बोट बुडवून पाणी चाखलं आणि ते कळवळले.

"मासोईले मीठ लावतेत ते चुलीवर टाकाच्या वक्ती. जित्या जिवाले कायले खारवता?"

त्या दिवसापासून ते रोज थोडं पाणी उपसत आणि विहिरीचं गोड पाणी ओतत. वाम कासावीस व्हायची, तिचा श्वास जोरात चालायचा. मला ते आतून कळत होतं, पण सांगणार कसं?

रविवारी हर्षाने पाण्यातलं मीठ मोजलं, ते फारच कमी भरलं. "बाबा, पाण्यात काई टाकलं का?"

"गोडं पाणी टाकून राह्यलो. पोरगी सुखात राह्यली पायजे ना," बाबा समाधानाने म्हणाले.

बाबा झोपल्यावर हर्षाने खारं पाणी तयार करून हळूहळू ओतलं. सोमवारी बाबा सिरोंच्याच्या बसने गेले. मंगळवारी वाम गेली, माझ्या आतच. पलीकडून निघून नाही गेली. हर्षाने तिला विहिरीजवळ पुरलं आणि खूप रडली.

रोज संध्याकाळी बाबांचा फोन येई. "वाम कशी हाय वं?" हर्षा माझ्याकडे बघून म्हणे, "पाइपात बसून हाय, बाबा." पेटीतली मोटर तिने बंद केली नाही.

दोन महिन्यांनी बाबा बसमधून थेट दवाखान्यात उतरले आणि दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर घरी येताच बाबा आधी माझ्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी माझ्या एका तोंडातून आत पाहिलं. दुसऱ्या तोंडापलीकडे भिंतीवरचं कॅलेंडर होतं. त्यांना ते स्वच्छ दिसलं.

हर्षा स्वयंपाकघरात होती. तिने तिथूनच विचारलं, "दिसली का, बाबा?"

"दिसली," बाबा म्हणाले. "बसून हाय."

मित्रांनो, मुक्या जिवाची माया आली तर जरूर करा. पण त्याला काय हवं ते आधी जाणून घ्या, आपल्याला गोड ते त्याला गोड असेलच असं नाही. हर्षा चहा घेऊन आली आणि दोघं माझ्यासमोर बसले. मी रिकामा आहे, हे या घरात आम्हा तिघांनाही ठाऊक आहे. बोलत कोणीच नाही.