बोलतं सामान

तिनं कॅरिअरवर दोन्ही तळहात टेकले, टाचा उचलल्या आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. कॅरिअर कुरकुरलं. सायकलच्या दुकानदारानं दोन्ही हात पुढे केले.

"अहो बाई, मोडाल!"

"मोडलं तर इथंच मोडू दे. रस्त्यात मोडण्यापेक्षा बरं."

दुकानदारानं ते ॲल्युमिनियमचं कॅरिअर तिच्या हातांखालून हळूच सोडवून घेतलं आणि फळीवर परत ठेवलं. हे दुसरं होतं. पहिल्याला तर तिनं हातही लावला नव्हता. सीटच्या दांड्याला एका बोल्टवर लटकणारं ते नाजूक प्रकरण बघून, "यावर काय, रुमाल वाळत घालू?" असं तिनं विचारलं होतं.

"ठेवायचं काय आहे ते तरी सांगा," तो म्हणाला. "भाजी? पुस्तकं?"

"सामान आहे."

"साधारण वजन?"

"सत्तरच्या आसपास. थंडीत जरा जास्त."

दुकानदारानं चष्मा कपाळावर सरकवला. "तुमचं सामान थंडीत वाढतं?"

"वाढतं. आणि बोलतंही. तुम्ही माल दाखवा."

तो आत गेला आणि बऱ्याच खडखडाटानंतर एक काळं धूड घेऊन बाहेर आला. जाड लोखंडी नळीचं, चार पायांचं; पाय थेट मागच्या चाकाच्या आसाशी जखडायचे. पाण्याचे जार पोचवणारे असलं कॅरिअर लावतात, असं त्यानं सांगितलं. दिसायला अगदीच गबाळं आहे, असंही सांगून टाकलं. तिनं बोटाच्या पेरानं नळीवर टकटक केली. टण्, असा भरीव आवाज आला.

"हेच," ती म्हणाली.

ती बस डेपोच्या पास खिडकीवर बसायची. त्याआधी कित्येक वर्षं कंडक्टर होती, आणि त्यातली बरीचशी एकाच ड्रायव्हरच्या गाडीवर. त्या ड्रायव्हरशी तिनं लग्न केलं, तेव्हा दोघांना वेगवेगळ्या गाड्यांवर टाकायचा घाट डेपोनं घातला. तिनं तो हाणून पाडला. घरीही ती त्याला ड्रायव्हरच म्हणे आणि तो तिला कंडक्टर. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एवढ्यावर त्यांचा निम्मा संसार झाला होता. भांडणंसुद्धा तिच्या एका घंटीवर थांबायची.

मागल्या वर्षी त्याच्या नजरेच्या मधोमध धुकं दाटलं. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला त्या दिवशी, पुढच्या फाटकाशी चहा पीत उभ्या असलेल्या सोबत्यांना चुकवून तो मागच्या फाटकानं घरी आला, आणि पुन्हा डेपोकडे फिरकला नाही. बसमध्ये प्रवासी म्हणून चढणार नाही, म्हणाला. कुणाचा हात धरून तर नाहीच नाही. मग दिवसभर खुर्ची आणि खिडकी. एकदा गॅसवर दूध ठेवून विसरला. भांडं काळंठिक्कर पडलं, पडदा जळता जळता वाचला. ते लेकीच्या कानावर गेलं आणि लेकीनं परस्पर ठरवून टाकलं, बाबांना मी माझ्याकडे नेते. तिचं शहर लांब होतं. काल रात्रीच ती आली होती आणि आज संध्याकाळच्या गाडीची दोन तिकिटं तिच्या पर्समध्ये होती.

पण कंडक्टरबाई गप्प बसली नव्हती. डेपोत माइकवरून गाड्या पुकारणारा माणूस निवृत्त झाला होता आणि त्याच्या जागी बसवलेलं यंत्र भलत्याच गाड्यांना भलत्याच फलाटावर लावत होतं. ड्रायव्हरला सगळे मार्ग, सगळे थांबे तोंडपाठ होते. ती डेपो मॅनेजरच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली आणि होकार घेऊनच हलली. उद्यापासून यायचं, पहिली बस सुटायच्या आधी हजर व्हायचं. आता पहिल्या बसच्या आधी पोचायचं तर बसनं कसं पोचणार? रोजची रिक्षा परवडणारी नव्हती. उरली तिची सायकल, म्हातारी, लोखंडी आणि तिच्याइतकीच हट्टी.

नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा, "मला नेणार कोण?" एवढंच बोलून त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं होतं. तिनं त्यात नकार शोधला, तो सापडला नाही. नुसताच प्रश्न होता. म्हणून आज सकाळी लेक बाबांचे कपडे बॅगेत भरत असताना ती भाजीच्या निमित्तानं सायकल काढून इथं आली होती.

कॅरिअर बसवून झालं. खाली पाय टेकायला दोन खुंट्याही तिनं लावून घेतल्या. मग ती सीटवर चढली आणि दुकानदाराला म्हणाली, "बसा मागे."

"मी?" दुकानदार अंगानं चांगलाच भरलेला होता. "अहो, लोक बघतील."

"बघू देत. त्यांना दुसरं काम काय?"

तो बसला. पहिल्या चार हातांत सायकल दारुड्यासारखी झोकांड्या खात गेली, समोरच्या शिंप्यानं मशीन थांबवून खिडकीतून मान बाहेर काढली. मग चाकं सरळ झाली. दिव्याच्या खांबाला वळसा घालून ती परत आली तेव्हा तिला धाप लागली होती आणि मांड्या थरथरत होत्या, पण ती हसत होती.

दुकानदार उतरला, शर्ट नीट केला. "कॅरिअर काही मोडत नाही. पण बाई, एक विचारू? ते... तुमचं सामान... बसेल ना यावर?"

तिनं पैसे मोजून दिले. याची खात्री मात्र दुकानात मिळत नव्हती.

घरी येऊन तिनं एकदाच घंटी वाजवली. दाराशेजारच्या खिडकीतून तिला तो दिसला. खुर्चीतल्या खुर्चीत त्याचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला. एक घंटी ऐकली की तो पाय अजून ब्रेक मारायचा.

दार लेकीनं उघडलं. आईच्या हातात भाजी नाही हे तिनं पाहिलं आणि आईच्या मागे उभी सायकलही पाहिली.

"हे काय आणलंस?"

"कॅरिअर. उद्यापासून बाबा माझ्यामागे बसून डेपोत येणार."

"आई, शुद्धीवर आहेस का? या वयात डबलसीट? पडलात म्हणजे? आणि बाबांनी तुझ्यामागे बसून जायचं, सगळ्या डेपोसमोर? लोक काय म्हणतील याचा तरी विचार कर."

"लोक म्हणतील, कंडक्टरच्या पायात अजून दम आहे."

"मी थट्टा करत नाहीये!" लेकीचा आवाज फाटला. "तू कामावर असलीस की मला इथून फोन येईल याची भीती वाटते गं."

पोरीची भीती खोटी नव्हती. आईनं लेकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

तेवढ्यात तो खुर्चीतून उठला. भिंत धरत दाराशी आला, दोघींच्या मधून बाहेर गेला आणि सायकलीशी उकिडवा बसला. त्याची बोटं कॅरिअरच्या नळीवरून फिरत खाली आसापर्यंत गेली. एक पाय चाचपला, दुसरा चाचपला. मग एक खुंटी सापडली. बोटं तिथंच थांबली. सामानाला खुंट्या लागत नाहीत, हे कळायला डोळे कशाला हवेत? आता लाथ मारून सायकल पाडतो की काय, असं कंडक्टरबाईच्या मनात येऊन गेलं.

"डावीकडचा नट ढिला आहे," तो म्हणाला. "कुणी बसवलंय हे? पाना आण."

लेक पायरीवर बसली. थोड्या वेळानं तिनं पर्समधून तिकिटं काढली, एक परत आत ठेवलं आणि दुसऱ्याची घडी घालत राहिली. "पडलात तर मला फोन करू नका," ती म्हणाली. पण संध्याकाळच्या गाडीनं तीही गेली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा कॅरिअरवर चढताना सायकल तिनंच घट्ट धरून ठेवली.

रस्त्यावरचे दिवे अजून जळत होते. तो मागे ताठ बसला होता आणि तिच्या पाठीला हात लागू नये म्हणून सीटची कड पकडून होता. मागून एका पेपरवाल्यानं घंटी वाजवली, एकदाच. ड्रायव्हरचा उजवा पाय खुंटीवर दाबला गेला आणि सायकल त्या अंगाला कलली.

"पाय आवरा, ड्रायव्हर! ब्रेक माझ्याकडे आहे."

"मग वेळेवर लाव की."

रात्रभर ती एकाच गोष्टीचा विचार करत होती. मागच्या फाटकाच्या गल्लीतून शिरलं तर कुणाच्या दृष्टीस न पडता माइकच्या खोलीपर्यंत जाता येईल. पहिल्या दिवशी एवढं झाकून नेलं तरी पुष्कळ. गल्ली आली तशी तिनं हँडल वळवलं.

"इकडं कुठं?" तो मागून म्हणाला. हा रस्ता त्याला खड्ड्यांवरून कळत होता. "सरळ घे."

"पुढच्या फाटकाशी सगळे असतील."

"असू देत."

सगळे होते. चहाचे ग्लास हातात घेऊन, गप्पा ऐन रंगात आलेल्या. सायकल दिव्याच्या उजेडात आली आणि गप्पा बंद पडल्या. कुणीतरी म्हणालं, "वा! आज कंडक्टरबाईंनीच गाडी काढली वाटतं!" दोघंतिघं हसले. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं मान खाली घालून जोरात पेडल मारलं, एकदा आत शिरलं की झालं.

टण्.

कॅरिअरच्या नळीवर त्यानं बोटातली अंगठी आपटली होती. एकदाच. काही कळायच्या आत तिनं ब्रेक दाबला होता. सायकल त्या घोळक्याच्या बरोबर समोर उभी राहिली.

तो सावकाश उतरला. शर्टाची इस्त्री हातानं सारखी केली. सोबत्यांचे चेहरे त्याला दिसत नव्हते, म्हणून त्यानं मान जराशी तिरपी केली आणि नजरेच्या कडेनं एकेकाला बघून घेतलं. घाई केली नाही. हसणाऱ्यांपैकी एकानं ग्लास खाली ठेवला. आतल्या खोलीची वाट त्याला पाठ होती, तरी तो लगेच निघाला नाही. त्यानं हात मागे नेऊन कॅरिअर चाचपलं.

"गाडी स्टँडला लाव, ड्रायव्हर," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "संध्याकाळी याच फाटकाशी घ्यायला ये."

आणि त्यानं नळीवर अंगठी दोनदा वाजवली.